खाशाबांचा गुडघा

दसरा उलटला की माजलगाव, धारूर, वडवणी या भागातली गावे, वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांची वाट धरतात. त्यातली कितीतरी कुटुंबे सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या उसाच्या फडात उतरतात. या कृष्णाकाठी कराडला लागूनच गोळेश्वर नावाचे एक गाव आहे. १९५२ साली कराडच्या रेल्वे स्टेशनवरून या गावाकडे एक मिरवणूक निघाली होती. तिच्यात १५१ बैलगाड्या होत्या. एरवी पाऊण तासाचाही नसलेला तो रस्ता संपायला त्या दिवशी सात तास लागले, असे सांगतात.

मिरवणूक होती खाशाबा दादासाहेब जाधव यांची. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकून ते गावी परतत होते. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले पदक. त्या वेळी बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि सातारा मुंबई राज्यात; पण कुस्तीच्या फडाला राज्याची हद्द कधी अडवत नव्हती.

पदकाची आणि मिरवणुकीची गोष्ट शाळेच्या गॅदरिंगपासून नेत्यांच्या भाषणांपर्यंत सर्वत्र सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. हेलसिंकीनंतरचे ऑलिंपिक १९५६ साली मेलबर्नला झाले. खाशाबांना तिथे जायचे होते, तयारीही चालू होती. पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्न राहून गेले. ज्या शरीराने देशाला पदक दिले, त्या शरीराची कहाणी या एका सांध्यापाशी येऊन थांबली. म्हणून त्यांच्या आयुष्याकडे पदकाऐवजी एकदा या गुडघ्याच्या बाजूने पाहायला हवे. आज घराघरांतून मुलेमुली मैदानात उतरत आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना तर ही बाजू ठाऊक असायलाच हवी.

मातीत घडलेले शरीर

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरात कुस्तीचे वेड असल्यामुळे चालायला लागल्यापासूनच मातीची ओळख झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगतांना आसरा देण्याच्या कामातही हा शाळकरी मुलगा होता. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि बाबूराव बलावडे, बेलापुरे गुरुजी अशा वस्तादांच्या हाताखाली कुस्तीला आकार आला.

अंगाने खाशाबा लहानखुरे. पाहणाऱ्याला हा पैलवान वाटू नये अशी चण. पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान आवळून त्याला कंबरेवरून असा फिरवत, की काय झाले हे त्याला पाठ लागल्यावरच कळावे. रोज हजार बैठका आणि तीनशे जोर हा त्यांचा नेम होता, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

तालमीतल्या या मेहनतीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. आखाड्याची माती नुसती खणून टाकलेली नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळावी लागते. रोज कुस्तीआधी फावड्याने ती उकरायची, हे काम पोरांनीच करायचे. त्यात खांदे, पाठ, मांड्या आपोआप गरम होतात. म्हणजे पैलवान लढतीला उभा राहतो तेव्हा त्याचे शरीर अर्धा तास आधीच जागे झालेले असते. बैठकांनी मांड्या भरतात आणि गुडघ्याचा खरा रखवालदार मांडीच असते. शिवाय माती मऊ. अंग पिळवटले गेले तरी पायाखालची माती थोडी सरकते आणि सांध्यावर येणारा झटका आपल्या अंगावर घेते.

अर्थात मातीतही दुखापती होत होत्याच. मुरगळलेले मनगट, उतरलेला खांदा, फुगलेला कान ही पैलवानाची ओळखच होती. पण मातीच्या कुस्तीचा वेग वेगळा. लढत अर्धा-अर्धा तास चाले, झुंज लांबत जाई, दमसास पाहिला जाई. खाशाबांचे शरीर या मातीसाठी, या वेगासाठी घडले होते.

लंडनची गादी

१९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. बावीस वर्षांचे खाशाबा फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात उतरले. तिथे त्यांच्या पायाखाली माती नव्हती, गादी होती. नियमही निराळे. पाठ लावली तरच निकाल, हा मातीचा कायदा. इथे मिनिटामिनिटाला गुण मोजले जात होते. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी भारतीय मल्लांना तयारी करून दिली, पण वीस वर्षांची सवय थोड्या दिवसांत कशी बदलावी?

तरीही खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र हार पत्करावी लागली. सहावा क्रमांक मिळाला. पहिल्याच खेपेला, परक्या गादीवर, हे यश लहान नव्हते. पण खाशाबा एक गोष्ट शिकून आले. शरीर कमावलेले असणे वेगळे आणि ज्या खेळाला उतरायचे त्यासाठी ते तयार असणे वेगळे. पुढची चार वर्षे त्यांनी हा फरक भरून काढण्यात घालवली.

हेलसिंकीच्या दोन लढती

हेलसिंकीची वाटही सरळ नव्हती. निवडीवरून वाद झाला, पुन्हा कुस्ती खेळून आपला हक्क सिद्ध करावा लागला. तो केल्यावर पैशांचा प्रश्न आला. गावाने झोळी फिरवली, ओळखीपाळखीच्यांनी हातभार लावला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीवर घर पणाला लावणारा प्राचार्य महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात विरळाच. पुढे खाशाबांनी कुस्त्या मारून ही रक्कम फेडली, हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे.

या वेळी गट होता बँटमवेट, ५७ किलोचा. कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना नमवत खाशाबा पुढे गेले. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ही लढत पंधरा मिनिटांच्या आसपास चालली आणि खाशाबा ती हरले. याच इशीने पुढे सुवर्णपदक जिंकले. त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्ण.

यानंतर जे घडले ते दुखापतीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावे असे आहे. त्या काळच्या नियमाप्रमाणे दोन लढतींत किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण इशीशी झुंजून दमलेल्या खाशाबांना जवळजवळ लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभे केले गेले. त्यांची बाजू मांडायला, विश्रांतीचा हक्क मागायला तिथे भारतीय पथकाचा एकही अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. दमलेल्या शरीराने ते लढले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. त्यांच्याबरोबर गेलेले कोल्हापूरचे केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले. चौथ्या क्रमांकावर त्यांना समाधान मानावे लागले.

त्या अर्ध्या तासाने पदकाचा रंग बदलला असता का, हा प्रश्न सत्तर वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. त्यातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दमलेला स्नायू सांध्याला सांभाळत नाही. ताजातवाना असताना मांडी झटकन आवळते आणि गुडघ्याला आधार देते. थकल्यावर तीच मांडी उशीर करते, आणि सगळा भार हाडांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर पडतो. त्यामुळे विश्रांतीला आळस समजून चालत नाही. मेहनतीइतकीच तीही तयारीचा भाग आहे. हेलसिंकीत खाशाबांचे शरीर सुखरूप राहिले, हे त्यांच्या तालमीचे यश. दर वेळी असे होत नाही.

जो सांधा फिरण्यासाठी घडलेला नाही

१९५५ मध्ये खाशाबा मुंबई पोलिस दलात फौजदार झाले. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या. मेलबर्नच्या वेळी त्यांचे वय तीस असणार होते. अनुभव होता, गादीची सवय झाली होती, हेलसिंकीचा हिशेब चुकता करायचा होता. नेमका याच काळात गुडघा गेला.

गुडघा हा आपल्या शरीरातला सर्वांत मोठा सांधा. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे, समोर वाटी. दोन हाडांमध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरीसारख्या चकत्या आणि आतून एकमेकांना छेद देत गेलेले दोन मजबूत अस्थिबंध. दाराच्या बिजागरीसारखे पुढेमागे होणे हे गुडघ्याचे मुख्य काम. बाजूला फिरणे त्याला थोडेसेच जमते. म्हणून पाय जमिनीला घट्ट रोवलेला असताना वरचे धड वेगाने वळले, की तो पीळ गुडघ्यात शिरतो. मग चकती फाटते किंवा अस्थिबंध तुटतो. कुस्तीत प्रतिस्पर्धी पाय पकडून पिळतो, गादी पायाला मातीपेक्षा घट्ट धरून ठेवते. कुस्तीतल्या दुखापतींच्या नोंदी जगात जिथे जिथे ठेवल्या गेल्या, तिथे गुडघा वरच्या क्रमांकावर आहे तो यामुळेच.

आज अशा पैलवानाला लगेच एमआरआयला पाठवले जाते, गरज पडली तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. १९५६ साली यातले काहीच नव्हते. दुर्बिणीतून फाटलेली चकती काढण्याची पहिली शस्त्रक्रिया टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी केली ती १९६२ मध्ये. त्याआधी प्लास्टर घालायचे, शेकायचे, थांबायचे. नाहीच भागले तर गुडघा उघडून अख्खी चकती काढून टाकायची. ती काढल्यावर सांधा लवकर झिजतो, हे फेअरबँक या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९४८ मध्ये, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्याच वर्षी, दाखवून दिले होते. तरी पुढची कितीतरी वर्षे जगभर हाच उपाय चालू राहिला. खाशाबांच्या पिढीतल्या पैलवानाचा गुडघा गेला म्हणजे बहुधा त्याची कुस्तीच गेली.

बर्फावर, कोर्टवर आणि डांबरावर

हा धोका फक्त पैलवानाला आहे असे नाही. खाशाबा हेलसिंकीला गेले त्याच वर्षी फेब्रुवारीत नॉर्वेतील ऑस्लोला हिवाळी ऑलिंपिक झाले होते. तिथल्या लोकांचा आवडता खेळ म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणे, स्कीइंग. आता आपल्याकडची कुटुंबेही सुट्टीत गुलमर्गला, औलीला जाऊन हौसेने हा खेळ खेळतात. त्यात बूट त्या लांब पट्टीला घट्ट अडकवलेला असतो. पट्टी बर्फात एका बाजूला वळली आणि धड दुसरीकडे गेले, की पीळ पुन्हा गुडघ्यातच. पडल्यावर बूट आपोआप सुटावा असे बंध निघाले आणि नडगी मोडण्याचे प्रमाण खूप घटले. पण गुडघ्याच्या दुखापती राहिल्याच. स्कीइंगमधल्या एकूण दुखापतींपैकी साधारण एक तृतीयांश आजही गुडघ्याच्या असतात. निष्णात खेळाडूपेक्षा नवशिक्याला धोका जास्त. बंध त्याच्या वजनाला जुळवून घेतलेले नसतात, आणि वर्षभर खुर्चीत बसलेले शरीर चार दिवसांत सगळी हौस फेडू पाहते.

माजलगावच्या वाचकाला बर्फ दूरचा वाटेल, पण हे चार दिवस त्याच्या ओळखीचे आहेत. गावच्या जत्रेत हलगी वाजू लागली की वर्षभर तालमीचे तोंड न पाहिलेला तरुणही लंगोट कसतो. बॅडमिंटनच्या कोर्टवर चाळिशीतले साहेब रविवारी एकदम विशीतले होतात. कबड्डीच्या मैदानावर चढाई करणारा गडी पाय रोवून वळतो आणि खाली बसतो तो उठतच नाही. पोलिस भरतीची जाहिरात निघाली की पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर पोरापोरींची धावपळ सुरू होते. मुलांना सोळाशे मीटर ठरावीक वेळेत पार करायचे असतात. त्यातली काही जण दीड महिन्यात सारे साधायला निघतात, झिजलेल्या बुटांनी, कधी अनवाणी. मग नडगी दुखते, गुडघा सुजतो, आणि कोणीतरी सांगतो की अमक्या गावी नस बसवणारा चांगला आहे.

खाशाबांच्या कहाणीतून घ्यायचे ते इथे. तालमीने जे फावड्याने आणि बैठकांनी साधले, ते आजचे क्रीडावैद्यक मोजून सांगते. ज्या खेळाला उतरायचे त्याची तयारी निदान सहा-आठ आठवडे आधी, हळूहळू वाढवत करावी. मांडीच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंचे स्नायू बळकट करावेत. एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारल्यावर गुडघे आत न वळू देता उतरणे, याचा सराव करावा. खेळाआधी पंधरा-वीस मिनिटे अंग गरम करावे. असा नेम पाळणाऱ्या खेळाडूंच्या दुखापती लक्षणीय घटतात, हे जगभरच्या फुटबॉलपटूंच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. अंगात त्राण उरले नसेल तेव्हा आणखी एक डाव, आणखी एक फेरी, हा मोह टाळावा. गुडघ्यातून कट्‌ असा आवाज आला आणि काही तासांत तो सुजला, तर चोळत बसू नये, अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. मुख्य अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल तर मैदानावर परतायला निदान नऊ महिने द्यावेत. लवकर परतणाऱ्याचा गुडघा पुन्हा जायची शक्यता जास्त असते.

उशिरा आलेले मानसन्मान

मेलबर्न हुकल्यावर खाशाबांनी खाकी वर्दीत आयुष्य काढले. २७ वर्षांची सेवा झाली. बढती मिळायला बराच काळ वाट पाहावी लागली. सहायक पोलिस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतयात्रेत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. आयुष्यभर आखाड्यात धोका पत्करलेला हा माणूस रस्त्यावर गेला.

मान आले ते मागाहून. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात, अर्जुन पुरस्कार त्यानंतर. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचे नाव मिळाले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. ऑलिंपिकमध्ये भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये, लिअँडर पेसच्या टेनिसमध्ये. मधली ४४ वर्षे खाशाबा एकटेच होते.

मराठवाड्याच्या मातीनेही त्यांची परंपरा पुढे नेली आहे. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले. त्यांच्या तालमीत तयार झालेला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला, तेही ५७ किलोच्याच गटात. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. खाशाबा फौजदार म्हणून पोलिसात गेले. राहुलला राज्याने थेट पोलिस उपअधीक्षक केले. खेळाडूकडे पाहण्याची सरकारची नजर एवढी तरी बदलली.

गुडघ्याकडे पाहण्याची नजर मात्र अजून बदलायची आहे. तालुक्याच्या ठिकाणी गादी येते, मॅटचे उद्‌घाटन होते, पण मुरगळलेल्या पायाला आधी बर्फ लावावा हे सांगणारा माणूस तिथे असतोच असे नाही. आईबाप उसाच्या फडावर आणि पोरगा आजीजवळ राहून कुस्तीचा किंवा भरतीचा सराव करतो आहे, अशी घरे या भागात कितीतरी सापडतील. त्या पोराचा गुडघा म्हणजे त्या घराची नोकरीची आशा असते. खाशाबांच्या वेळी त्यांच्यासाठी अर्धा तास विश्रांती मागायला कोणी नव्हते. या पोरांसाठी ती मागणारा कोणी तरी हवा, मग तो शाळेचा क्रीडाशिक्षक असो, तालमीचा वस्ताद असो की घरातला थोरला भाऊ.